गेरबॉक्समधलं एरंडेल

इंजिनात कुठलं तेल घालावं यावर चार डायव्हर दिवसभर भांडतील. पण गेरबॉक्समध्ये काय घातलंय म्हणून विचारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. पेटी बंद, तिचं झाकण वर्षानुवर्षं कुणी काढत नाही, आणि आवाज येईपर्यंत सगळं ठीक म्हणायची रीत. मीही त्यातलाच. त्यातलाच काय, चार पावलं पुढचा, कारण मला वाटायचं तेलातलं मला जेवढं कळतं तेवढं निपाणीपासून बेळगावपर्यंत कुणाला कळत नाही.

मी काकतीचा. घरी शेती, पण नांगराच्या मागं चालायचा मला पहिल्यापासून कंटाळा. बेळगावच्या कॅम्पात लॉऱ्या धुता धुता फिटरकाम शिकलो, आणि तिशीच्या आसपास निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडं डायव्हर म्हणून लागलो. घर जैनांचं. घरात कानडी, बाजारात मराठी. मालकांना सगळे आण्णा म्हणत आणि त्यांच्या आईला आव्वा. मीही तेच म्हणायला लागलो.

आण्णांनी विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून गाडी घेतली. पुढं दोनच सीटा, वर कापडी छप्पर, आणि मागचं झाकण ओढलं की त्यातनं निघणारी एक जादा सीट, जिच्यावर बसणाऱ्याच्या तोंडात रस्त्याचा सगळा धुरळा. पुढचं बॉनेट एवढं लांब की गावानं तिला नाकाडी नाव ठेवलं. गाडी शर्यतीच्या जातीची, पळायला सुटली की सुटली. पण गिअर? चारातला एकही गिअर गोडीगुलाबीनं पडायचा नाही. क्लच दाबा, दांडा मधे आणा, क्लच सोडा, इंजिनाला जरा रेटा द्या, परत क्लच दाबा, मग गिअर टाका. जरा घाई झाली की असा करकराट व्हायचा की वखारीतल्या तंबाखू निवडणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

असल्या पेटीला तेल निवडायचं म्हणजे हाताच्या अंदाजाची गोष्ट. पातळ घातलं तर आतली चाकं फिरतच राहतात, गिअर टाकायला थांबावं लागतं, आणि चढाला थांबलं की गाडी मेली. लई घट्ट घातलं तर थंडीत दांडाच हलत नाही. त्या अधिकाऱ्याच्या फिटरनं जाताना मला एक डबा दिला होता. आत पिवळट, लोण्यासारखं वंगण. हेच घाल, दुसरं काही घालू नको, म्हणाला. त्यात काय असतंय विचारलं तर मेंढराची चरबी म्हणाला. मला काय, गिअर झकास पडत होता.

गाडी दारात आली त्या दिवशी आव्वा पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. पांढरं लुगडं, पायात काही नाही. कातड्याची वहाण ती घालतच नसे. सीटा कातड्याच्या होत्या, त्यावर आण्णांनी आधीच जाड खादीच्या खोळी घातल्या होत्या. आव्वानं कुंकू लावलं, सगळी गाडी फिरून बघितली, आणि मला विचारलं, "ह्यात चरबी-बिरबी काय घालत न्हाईत न्हवं?"

मी सरळ माणूस, म्हणजे तेव्हा होतो. सांगून टाकलं, "घालत्यात की आव्वा. गेरबॉक्सात."

तिनं पुढं टाकलेला पाय मागं घेतला. रागावली नाही, काही नाही. "मला मुनी महाराजांच्यापाशी घेतलेला नेम हाय रं बाबा, चरबीच्या वस्तूला शिवायचं न्हाई," एवढंच म्हणाली आणि घरात गेली. पुढची तीन वर्षं ती बैलगाडीनंच फिरली. मोटारबशीलाही तोच नियम. तिचा गाडीवान माझ्यावर जळायचा, त्याला बरंच झालं. रोज बैलं सोडताना मला ऐकू जाईल असं म्हणायचा, "काय पण मोटार! घरची म्हातारी बसत न्हाई आणि गाव फिरवतंय."

मग त्या माघात चिकोडीच्या पलीकडच्या खेड्यातनं निरोप आला. आव्वाच्या थोरल्या बहिणीनं सल्लेखना घेतली होती. अन्न, मग दूध-ताक, मग पाणी, असं एकेक सोडत शांतपणानं देह ठेवायचं हे व्रत. तिनं धान्य सोडून आठ दिवस झाले होते. दोघी बहिणींच्या मागं-पुढं आता दुसरं भावंड उरलेलं नव्हतं. थोरलीनं सांगून पाठवलं होतं, धाकटीनं शेवटाला जवळ असावं.

आणि इकडं घरात सून बाळंतपणाला टेकलेली. आज म्हणता की उद्या. ते खेडं चौदा कोसांवर. बैलगाडीनं जायला दीड दिवस, यायला दीड दिवस, कारण दिवस मावळल्यावर आव्वा गाडी हाकू द्यायची नाही, चाकाखाली काय सापडतंय दिसत नाही म्हणून. सुनेला टाकून तिकडं जाऊन बसायचं की बहिणीला टाकून इकडं राहायचं, या काळजीनं म्हातारीचं जेवण सुटलं. आण्णा मला म्हणाले, "डायव्हर, काय बी कर. आईला ह्या गाडीत बसव. दोन तासात पोचतील, त्याच दिवशी माघारी येतील, परत बोलावणं आलं की परत जातील."

झालं. मी तेलाच्या मागं लागलो.

आधी बेळगावला गेलो. कॅम्पातल्या दुकानात तीन तऱ्हेचे डबे होते. दुकानदार म्हणाला, जमिनीतनं निघालेलं तेल हाय, निर्धास्त घाला. मी म्हटलं, चरबी मिसळली नाही हे छातीवर हात ठेवून सांगतोस? तर हसला. "आत काय घालत्यात ते बघायला मी गेलतो काय?" तिन्हींचा नमुना घेऊन आलो. आमची परीक्षा सोपी होती. तवा तापवायचा आणि थेंब टाकायचा. जमिनीतल्या तेलाचा धूर नुसता डोळ्याला झोंबतो, पण चरबीचा धूर आला की खाटकाच्या गल्लीतनं चालल्यासारखं वाटतं. दोन नमुन्यांना तसा वास आला. तिसरा स्वच्छ, पण पाण्यासारखा पातळ. तो घालून गाडी तवंदीच्या घाटात नेली तर तिसऱ्या गिअरवरनं दुसरा पडेना, आणि निम्म्या चढाला नाकाडी उलटी घसरायला लागली. चाकाखाली दगड लावून मी तिथंच रस्त्यावर बसलो आणि त्या दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धारल्या.

मग शेंगतेल बघितलं. त्याला आत असा फेस आला की बाहेर सगळीकडनं गळती.

शेवटी गाडीवानच म्हणाला, आणि ते सुद्धा मला खिजवायला, "माझ्या गाडीच्या चाकाच्या कण्याला बघ. एरंडेल आणि गवताची राख. आव्वा रोज बसत्यात." मला राग आला. मोटारीला बैलगाडीचं वंगण घालू? पण मनात घोळत राहिलं. कॅम्पात असताना ऐकलं होतं की शर्यतीच्या गाड्यांत गोरे लोक एरंडेल घालतात. तापलं तरी ते पातळ होत नाही, चाकाच्या दाताला धरून राहतं. घाण्यावर जाऊन ताजं एरंडेल आणलं, दोन बोटांत धरून ओढलं तर तार निघाली. वा! म्हणालो. गाडीवानाला मात्र काही सांगितलं नाही.

आव्वानं ते तेल स्वतः गाळलं. पाणी गाळायचं तिचं दुपदरी फडकं होतं तसलंच कोरं फडकं घेतलं आणि तीनदा गाळलं. आत मुंगी-चिलट जाऊ नये म्हणून. इकडं मी गाडीखाली शिरून जुनं वंगण काढलं. घासलेट ओतलं, मागची चाकं उचलून इंजिन चालू केलं, आत सगळं खळबळून घेतलं आणि सोडून दिलं. असं दोनदा केलं. दुसऱ्या खेपेचं घासलेट जवळजवळ स्वच्छ आलं.

आता खरं सांगतो. मागच्या बेअरिंगच्या पलीकडं एक खोबण असते. तिथं घासलेट पोचत नाही. ती धुवायची तर पेटी खाली उतरवून सगळी खोलायला पाहिजे, आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. हे मला ठाऊक होतं. पण आण्णा डोक्यावर उभे, आव्वा तेलाचं भांडं घेऊन समोर. राहून राहून काय राहणार, म्हणालो मनाशी. बोटभर.

"आतलं जुनं सगळं निघालं न्हवं?" आव्वानं विचारलं.

"थेंब न्हाय, आव्वा."

ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली. आण्णा मागच्या झाकणातल्या सीटवर, टोपी उडू नये म्हणून उपरण्यानं डोकं हनुवटीखाली बांधून. वखारीतल्या बाया बाहेर येऊन बघत होत्या. सकाळच्या गारव्यात एरंडेल घट्ट होतं, पहिला गिअर कण्हत पडला. पण दोन कोसांवर तेल तापलं आणि मग काय सांगू! गिअर असा पडत होता की मलाच आपल्या हाताचं नवल वाटलं. आव्वा आधी दाराला घट्ट धरून होती. चिकोडी जवळ आल्यावर तिनं हात सोडला आणि म्हणाली, "कणसं कशी पळत्यात बघ मागं." सत्तरीची बाई, पण पहिल्यांदा जत्रेला आलेल्या पोरीगत बघत होती.

बहीण चटईवर पडून होती. नुसती हाडं, पण डोळे चांगले जागे. आव्वाला बघून हसली. दोघी कानडीत बोलत बसल्या, लहानपणी विहिरीवर कुणी कुणाला ढकललं होतं त्यावरून वाद घालत होत्या. मी दारात होतो, मला सगळं कळत होतं. निघताना बहीण म्हणाली, आता पाणी सोडीन तेव्हा ये. आव्वा म्हणाली, "निरोप मिळाला की निघतो. मोटार हाय की आता. आवाज ऐकू आला की मी आलो म्हणून समज."

दिवस मावळायच्या आत आम्ही घरी. आव्वा त्या दिवशी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीच्या तेल घालायच्या भोकाची गुंडी काढून बोट घातलं. तेलात पांढरे कण. तवा तापवला, थेंब टाकला, आणि वास आला. तोच वास. खोबणीतली चरबी गरम तेलानं विरघळून खाली उतरली होती, आणि आव्वा त्याच्यावर अठ्ठावीस कोस बसून आली होती.

त्याच घडीला जाऊन सांगायला पाहिजे होतं. गेलोही. स्वयंपाकघराच्या दाराशी आव्वा सुनेला गाडीची हकीगत सांगत होती, हाताचा दांडा करून गिअर कसा टाकतात ते दाखवत होती, आणि सून पोट धरून हसत होती. माझी जीभ उचलली नाही. मनात हिशेब केला: पेटी उतरवतो, खोलतो, सोड्याच्या उकळत्या पाण्यात एकेक चाक धुतो, नवं एरंडेल घालतो. परवापर्यंत गाडी उभी. बहिणीला अजून आठ दिवस तरी आहेत असं तिथली माणसं म्हणत होती. कुणाला काही कळायची गरज नाही. आण्णांना सांगितलं, बेअरिंगचा आवाज येतोय, बघतो.

पेटी उतरवून खोलेपर्यंत तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस आला. थोरलीनं आदल्या दिवशी सकाळीच पाणी सोडलं होतं. लगेच या.

गोणपाटावर पेटीच्या चौदा तुकड्यांचा संसार मांडलेला. आण्णा शेडमध्ये आले. मग तोंड सुटलं त्यांचं. मी मान खाली घालून ऐकलं. त्यांच्या मागनं आव्वा आली. तिचं लक्ष तुकड्यांकडं नव्हतं. परातीत मी खोबणीतनं खरवडून काढलेला पांढरा गोळा होता, तिकडं ती बघत होती. बोटभर म्हणालो होतो. चांगली मूठभर होती.

"हे कवा कळलं तुला?"

"काल सकाळी, आव्वा."

"काल सकाळी सांगितलं असतंस तर काल सकाळीच बैलं जुंपलो असतो रं," आव्वा म्हणाली. "आत्ता पोचलो असतो." मग गाडीवानाकडं वळून, "जुंप."

गाडीवान त्या दिवशी मला एक शब्द बोलला नाही. त्यानं बोलायला पाहिजे होतं, मला बरं वाटलं असतं.

मी पेटी जोडायला घेतली. असं काम मी जन्मात केलं नव्हतं. प्रत्येक तुकडा उकळत्या सोड्यात, मग गरम पाण्यात, मग कोरड्या फडक्यानं. खोबणीत बोट घालून, बोट नाकाला लावून बघितलं. उरलेलं एरंडेल आव्वानंच गाळून ठेवलं होतं, तेच घातलं. रात्रभर खपलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी चालू झाली. तव्यावर थेंब टाकला. नुसता एरंडेलाचा वास. आण्णा म्हणाले, मी मागनं घोड्यावर येतो, गाडी हलकी राहू दे, तू पळव. मी पळवली. आयुष्यात तेवढी जोरात गाडी मी कधी हाकली नाही, आणि गिअर एकदाही करकरला नाही.

खेडं तीन कोसांवर राहिलं असताना बैलगाडी दिसली. मी पुढं जाऊन गाडी आडवी लावली, उतरलो, आव्वापुढं हात जोडले. म्हणालो, "आव्वा, बसा. अर्ध्या तासात पोचवतो. सगळी खोलून धुतलीया. आता खरंच थेंब न्हाय."

ती खाली उतरली. मला वाटलं बसणार. गाडीच्या दारापर्यंत आली, दारावर हात ठेवला, आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बसायची तिची इच्छा होती, देवाशपथ सांगतो, होती.

"तवा पण तू असंच म्हणालतास," ती म्हणाली.

"तवा खोटं बोललो. आता खरं बोलतोय."

"असशील. पण मला कसं कळावं? मागं नेम मोडला तो नकळत. त्याचं प्रायश्चित्त घेता येतंय. आता तुझ्या शब्दावर बसलो आणि परत तसंच निघालं, तर तिच्या उशाशी कुठल्या तोंडानं बसू मी?"

मी तव्याची परीक्षा सांगितली, बोटाची सांगितली. पण दाखवणार कसं? तिथं रस्त्यावर ना चूल, ना तवा. आणि दाखवलं असतं तरी वास माझ्या नाकानं घ्यायचा होता, तिला चरबीचा वास माहीत असायचं कारण नव्हतं. सगळं माझ्या शब्दावर होतं. आव्वानं दारावरचा हात काढला आणि परत बैलगाडीत चढून बसली. गाडीवानानं बैलं हाकली.

मी काय करणार? पुढं जायचं कुठं, आणि मागं जायचं कशाला. पहिल्या गिअरमध्ये मी त्या बैलगाडीच्या मागनं चाललो. तीन कोस. इंजिन तापून पाणी उकळायला लागलं तेव्हा दोनदा थांबलो, आणि दोनदा परत मागं जाऊन लागलो. आव्वा माळ ओढत बसली होती. एकदाही वळून बघितलं नाही.

गावात शिरलो तेव्हा सूर्य डोक्यावरनं कलला होता. बहिणीच्या दारात बाया बसलेल्या. आतनं मंत्राचा आवाज येत होता, पण त्या बायांची तोंडं बघितल्यावर मला कळलं. आव्वा गाडीतनं उतरली आणि उंबऱ्याशी थांबली. एका म्हातारीनं तिचा हात धरला.

"आत्ताच गेली, घटकाभर झाली. शुद्धीवर होती," ती म्हणाली. मग तिची नजर मागं माझ्या गाडीकडं गेली. "सकाळपासनं दोनदा विचारली बघ, मोटारीचा आवाज येतोय काय म्हणून."

आव्वा पदर सारखा करून आत गेली. मी रस्त्यात उभा होतो, आणि मला माझंच थोबाड फोडून घ्यावंसं वाटत होतं.